बिनरंगी जाळ

आमच्या फोर्जिंग शॉपमधली तीन नंबरची भट्टी
सोमवारपासून तेल पीत नाही.
पहाटे कुपवाडच्या नाक्यावरून वळून
लांब नळकांड्यांचा ट्रक येतो, आवाज न करता रिकामा होतो.

पहिल्या दिवशी मी झरोक्यातून आत डोकावलो.
आत काही नव्हतं.
म्हणजे विटा होत्या, अजून गार,
लोखंडाचे नऊ तुकडे होते ओळीनं,
जाळ नव्हता.
मगदूमबाई ओरडल्या,
"शिकलगार, मागं सरा. पेटलीय ती."

एकतीस वर्षं मी रंगाचा पगार घेतला.
बाबालालचाचांनी मिरजेत शिकवलं होतं,
घड्याळ नंतर बघ, आधी जाळाचं तोंड बघ.
तांबडा असेल तर उपाशी आहे.
पिवळा म्हणजे जेवतोय.
टोकाला काळी शेपूट फुटली
की तेल जास्त, हवा कमी, आणि चूक तुझी.
झळ आधी भुवयांना कळते, म्हणायचे.
त्यांना स्वतःला भुवया नव्हत्याच.

आता भुवयांनाही काही कळत नाही.
हा जाळ झळसुद्धा देत नाही लांबून,
हात घातलात तरच बोलतो.

म्हणून मगदूमबाई खराटा घेऊन चालतात.
पाइपलाइनच्या कडेनं, खराटा पुढं धरून,
जशी अंधारात काठी धरावी.
सेन्सर आहेत, त्या म्हणाल्या, पण ही जुन्या लोकांची युक्ती.
शिफ्टमधली पोरं हसली.
इंजिनीअर झाली आणि झाडलोटच करते.
दुसऱ्या फेरीला, व्हॉल्व्हच्या सांध्याजवळ,
हवेत, काहीच नसलेल्या हवेत,
एक काडी आपोआप लाल झाली.
मग कुणी हसलं नाही.

आग असल्याशिवाय धूर निघत नाही म्हणतात.
इथं धुराड्याच्या बुडाशी बादली ठेवलीय.
थेंब थेंब पाणी.
मी बोट बुडवून जिभेला लावलं. चव नव्हती.

लेथवरच्या आण्णाप्पानं विचारलं, हा गॅस येतो कुठनं?
पाण्यातनं, बाई म्हणाल्या, वीज सोडून पाणी फोडतात.
आणि वीज?
त्या जरा थांबल्या.
अर्धी ढालगावच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची.
उरलेली अजून कोळशाचीच.
"म्हंजे धूर दुसऱ्याच्या दारात," आण्णाप्पा म्हणाला,
आणि चकमध्ये तुकडा आवळत बसला.
बाईंनी वाद घातला नाही.
मला त्या तिथं पहिल्यांदा आवडल्या.

लोखंडानं मात्र रंग सोडला नाही.
चिमट्यात धरून तुकडा काढला तेव्हा तोच होता,
राजापुरी हळद मोडल्यावर आत दिसतो तसा.
घण पडला, जमीन हलली,
आणि मी म्हटलं, बाई, खवला जास्त धरलाय.
किती?
तेलाच्या भट्टीपेक्षा नखभर.
मोजलं तर तेवढाच निघाला.
वाफेनं होत असणार, त्या पुटपुटल्या,
आणि वहीत लिहिलं. माझ्या नावासकट.

सायरा बामणोलीत गच्चीवर शेवया वाळत घालते,
वर जुनी साडी ताणून.
तरी काळे कण गाळून येतात,
ती सुईच्या टोकानं वेचते
आणि कणांवरून सांगते, आज कितव्या भट्टीचं तोंड उघडं होतं.
अजून वेचतेच.
पाचातली एकच बदललीय.

काल जेवताना तिनं विचारलं,
कसा दिसतो हो, नवा जाळ?
मी भाकरीचा तुकडा हातात धरून बराच वेळ बसलो.
म्हटलं, दिसत नाही.
मग तुम्ही दिवसभर बघता काय?
लोखंड, म्हटलं. आणि खराटा.

उद्या घरचा खराटा घेऊन जायचाय.
कंपनीचा जळून निम्मा झालाय.